संध्याकाळचे सहा की पहाटेचे साडेचार

कादर खान गेले तेव्हा टोरांटोत संध्याकाळचे सहा वाजले होते आणि तारीख होती ३१ डिसेंबर २०१८. त्यांच्या मुलाने वृत्तसंस्थेला सांगितलेली वेळ हीच, तीही ‘कॅनडाच्या वेळेप्रमाणे’ असा खुलासा करून. मुंबईत तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. बाराच्या ठोक्याला गोदीतल्या बोटींनी दिलेले भोंगे विरून साडेचार तास झाले होते आणि भिंतीवर १ जानेवारी २०१९ लागली होती.

आमच्यातल्या एकाने त्यांचं नाव २०१८ च्या यादीत लावलं होतं, दुसऱ्याने २०१९ च्या. गल्ला ५,५०० रुपयांचा. तो कुणाचा, हे त्या साडेदहा तासांच्या फरकावर येऊन अडलं. पंच मी होतो. त्या वादाची ही सगळी हकीकत. माणसांची नावं देत नाही. ग्रुपवर ज्या टोपणनावांनी ती ओळखली जातात त्यांवर भागवतो.

वही

खेळ सभ्य आहे असा माझा दावा नाही. परदेशात त्याला ‘डेड पूल’ म्हणतात. वर्ष लागायच्या आत प्रत्येकाने प्रसिद्ध माणसांची एक यादी द्यायची, आणि त्यातलं जे कुणी त्या वर्षात जाईल त्याचे गुण घ्यायचे. आम्ही बारा जण. अकरा जण परळच्या एकाच चाळीत वाढलो, बारावा लग्नाने आला. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला, माणसं बोरिवली, ठाणे, ऐरोली, पनवेलपर्यंत पांगली. वर्षातून एकदा भेटायला निमित्त हवं म्हणून २०११ च्या थर्टीफर्स्टला हा उद्योग सुरू झाला. याद्या ज्या जाड रजिस्टरात उतरवल्या जातात त्याला पहिल्याच वर्षी कुणीतरी चित्रगुप्ताची वही म्हटलं आणि खेळाचंच नाव ‘वही’ पडलं. वही माझ्याकडे असते. जो वही सांभाळेल त्याने यादी द्यायची नाही, निवाडा द्यायचा, असं ठरलं होतं.

नियम एका फुलस्केप कागदावर मावतात. माणशी दहा नावं. शंभरातून वय वजा केलं की उरतील तेवढे गुण, त्यामुळे नव्वदीतल्यांची नावं भरून फारसं काही हाती लागत नाही. नातलग, शेजारी, ओळखीपाळखीचे चालणार नाहीत. फाशीची शिक्षा झालेला चालणार नाही. माणूस प्रसिद्ध आहे की नाही याची कसोटी एकच: मराठी दैनिकात त्याच्या निधनाची स्वतंत्र बातमी यायला हवी. बारीक टायपातलं ‘निधन वार्ता’ सदर मोजायचं नाही, आणि घरच्यांनी पैसे भरून छापून आणलेली चौकटही नाही. सुरुवातीची भांडणं सगळी याच कलमावर झाली. एका जुन्या नाट्यनटाची बातमी एका दैनिकात तीन ओळींची आणि दुसऱ्यात फोटोसकट आली, तेव्हा तीन दिवस रणकंदन चाललं होतं. शेवटी फोटोवाल्याची सरशी झाली.

तारखेबद्दल कागदावर दोनच वाक्यं होती. जशीच्या तशी उतरवतो: ‘यादी ३१ डिसेंबरच्या रात्री बारापर्यंत द्यावी. यादीतील व्यक्तीचे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात निधन झाल्यास गुण मिळतील.’ अक्षर माझं. सात वर्षांत त्यात काही राहून गेलंय असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ते वर्ष

२०१८ हे वर्षच वाईट होतं. फेब्रुवारीत दुबईला श्रीदेवी गेली. वय ५४. कुणाच्याच यादीत तिचं नाव नव्हतं, असणारही कसं? तरी दुसऱ्या दिवशी एकाने ग्रुपवर ‘४६ गुण वाया’ असं टाकलं आणि दोघीजणी ग्रुप सोडून गेल्या. महिनाभराने समजूत काढून त्यांना परत आणलं. तेव्हाच वही बंद करायला हवी होती असं माझी बायको आजही म्हणते.

ऑगस्टमध्ये एकामागून एक माणसं गेली. ७ तारखेला करुणानिधी, १६ ला वाजपेयी, २५ ला अमेरिकेचे सिनेटर जॉन मकेन. ही तिन्ही नावं बोरिवलीच्या आमच्या बँकवाल्याच्या यादीत होती. अनुक्रमे ९४, ९३ आणि ८१ वर्षांचे, म्हणून ६, ७ आणि १९, एकूण ३२. तो पुढे होता. पण वकीलबाईकडे मार्चमधले स्टीफन हॉकिंग होते, वय ७६, म्हणजे एकाच नावाचे २४. वाजपेयींचे ७ तिलाही मिळाले. आणि ३० नोव्हेंबरला थोरले बुश ९४ व्या वर्षी गेले त्याचे ६. तिचे झाले ३७. डिसेंबरअखेर ती पाच गुणांनी पुढे होती आणि मासे कुठे खायचे ते तिने ठरवूनही टाकलं होतं.

बँकवाल्याच्या यादीत अजून एक नाव शिल्लक होतं, कादर खान. वय ८१, गुण १९. त्यांच्या आजाराच्या बातम्या बरीच वर्षं येत होत्या. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. सिनेमात येण्याआधी कादर खान भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंग शिकवायचे, आणि बँकवाल्याचे थोरले काका त्यांचे विद्यार्थी. काकांच्या तोंडी आजही ‘सर’ असंच असतं. म्हणजे ‘ओळखीपाळखीचे चालणार नाहीत’ या कलमात हे नाव बसतं का, हाही वाद काढता आला असता. कुणी काढला नाही. मीही नाही.

आणखी एक कबुली इथेच दिलेली बरी. लग्नाने आलेला बारावा म्हणजे हाच बँकवाला. माझा साडू.

ख्रिसमसनंतर कादर खान अत्यवस्थ असल्याच्या बातम्या आल्या. अमिताभ बच्चननी त्यांच्यासाठी प्रार्थना करा असं लिहिलं. मग एक-दोन दिवसांतच ते गेल्याची अफवा उठली. साडूभाऊने ग्रुपवर ‘आले १९!’ असं टाकलं. तासाभरात मुलाचा खुलासा आला की वडील इस्पितळात आहेत, बातमी खोटी आहे. साडूभाऊने मेसेज पुसला, पण वकीलबाईने स्क्रीनशॉट काढून ठेवलेला होताच. तो पुढे कामाला आला असं नाही. तिने तो नुसता दाखवला.

३१ तारखेच्या रात्री नव्या वर्षाच्या याद्या आल्या. साडूभाऊने नऊ वाजता दिली, त्यात कादर खान पुन्हा होतेच. आमच्यातला धाकटा, ऐरोलीला आयटीत असलेला, त्याची यादी ११ वाजून ४० मिनिटांनी आली. त्यातही कादर खान. टोरांटोत तेव्हा दुपारचा १ वाजून १० मिनिटं झाली होती; माणूस हयात होता, आणि पुढे जवळजवळ पाच तास राहणार होता. मी दोन्ही याद्या वहीत उतरवल्या आणि गच्चीवर गेलो.

दावे

सकाळी बातमी आली आणि नऊच्या आत तीन दावे माझ्यापुढे होते.

साडूभाऊचं म्हणणं साधं होतं. पेपर, टीव्ही, घरचे सगळे ३१ डिसेंबर म्हणतायत, म्हणजे २०१८. त्याचे ५१ झाले, गल्ला त्याचा. ‘आणि तुला ते मान्य नसेल,’ त्याने वर जोडलं, ‘तर २०१९ च्या यादीतही नाव आहे माझं. एका वर्षात तरी दे.’ दोन्ही डगरींवर पाय.

ऐरोलीकर म्हणाला, आपण मुंबईत खेळतो. आपल्या घड्याळात १ जानेवारी लागून साडेचार तास झाले होते. तेव्हा २०१९ चे पहिले १९ गुण माझे.

वकीलबाईचा तर कादर खानशी काहीच संबंध नव्हता. तिला एवढंच हवं होतं की ते २०१८ मध्ये जाऊ नयेत. ती धोबीतलावला लघुवाद न्यायालयात प्रॅक्टिस करते, आणि भाडेकरू-मालकांच्या भांडणांवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वाक्य पिळायला मिळालं की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

तिचा मुद्दा असा. कागदावर दोन वाक्यं आहेत आणि दोन्हींत ‘३१ डिसेंबर’ आहे. पहिल्या वाक्यातलं ‘३१ डिसेंबरच्या रात्री बारा’ म्हणजे मुंबईचे बारा, यावर कुणाचं दुमत नाही. पनवेलकर उद्या लंडनला गेला आणि तिथल्या बाराला यादी पाठवली तर आपण घेऊ का? नाही. मग पुढच्याच वाक्यात तोच शब्द आला की त्याचं घड्याळ कसं बदलतं? एका कागदावर एका शब्दाचा एकच अर्थ.

नंतर तिने खरा बाण काढला. ‘समज, जिथे माणूस मेला तिथलं घड्याळ धरलं. न्यूझीलंडमध्ये कुणी १ जानेवारीच्या रात्री एकला गेला. ऑकलंडला एक वाजतो तेव्हा आपल्याकडे ३१ तारखेच्या संध्याकाळचे साडेपाच. बातमी सहाला आली. यादी द्यायला अजून सहा तास आहेत. मी शांतपणे त्याचं नाव लिहीन, तो तुझ्या हिशोबाने नव्या वर्षात गेलेला असेल, आणि तुला मला गुण द्यावे लागतील. मेलेल्या माणसाचं भविष्य सांगितल्याबद्दल.’

मला उत्तर सुचलं नाही. चहा टाकतो म्हणून मी आत गेलो.

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. पनवेलकर म्हणाला, आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. जानेवारीत मुंबईचा सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पहाटे साडेचारला सोमवारच होता, मंगळवार लागलाच नव्हता. त्यावर ठाण्याचा उठला. इस्लामी रीतीने दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि कादर खान मुसलमान. टोरांटोत त्या दिवसांत सूर्य पाचच्या आतच बुडतो, म्हणजे सहाला तिथे पुढचा दिवस लागलेला. दोघांची तोंडं एकमेकांकडे, आणि गंमत म्हणजे पंचांगवाल्याचा निकाल साडूभाऊच्या बाजूने आणि दुसऱ्याचा ऐरोलीकराच्या. कुणीतरी ग्रिनिचचं काढलं. सहा वाजता टोरांटो म्हणजे ग्रिनिचला रात्रीचे अकरा. लंडनमध्ये नवं वर्ष लागायला एक तास बाकी होता, तेव्हा जगाच्या घड्याळानेही २०१८ च.

मुंबईला हा वाद नवीन नाही हे मला तेव्हाच आठवलं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या १ जानेवारीपासून लागू झाली, पण मुंबईने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. सुमारे ३९ मिनिटं मागे. महापालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत त्या वेळेवर चालत होती. त्या घड्याळाने कादर खान पहाटे तीन वाजून ५१ मिनिटांनी गेले असते. वादाला त्याने काही फरक पडत नव्हता, पण मी ते सांगितलं आणि वकीलबाई म्हणाली, ‘तू पंच आहेस की साडू, ते आधी ठरव. इतिहास मग सांग.’

वहीतल्या दोन नोंदी

ती तसं म्हणाली नसती तर मी कदाचित वही उघडलीच नसती. मला खात्री हवी होती की मी नात्याकडे झुकत नाही, म्हणून मागच्या नोंदी पाहिल्या. आपण आधी काय करत आलोय?

जॉन मकेन ॲरिझोनात २५ ऑगस्टच्या दुपारी साडेचारच्या सुमारास गेले. मुंबईत तेव्हा २६ तारखेची पहाट होती, पाच वाजायला आले होते. वहीत तारीख आहे २५ ऑगस्ट.

थोरले बुश ह्यूस्टनला शुक्रवारी ३० नोव्हेंबरच्या रात्री दहानंतर गेले. मुंबईत शनिवार, १ डिसेंबर उजाडून पावणेदहा वाजत आले होते. वहीत तारीख आहे ३० नोव्हेंबर. आणि ती तारीख मी मनाने लिहिलेली नव्हती. मेसेज शोधला तर सापडला: ‘बुश सीनियर, ३० नोव्हेंबर, ६ गुण, लिहून घे.’ पाठवणारी वकीलबाई.

तिने मेसेज वाचला आणि हसली. ‘ही कबुली झाली माझी,’ म्हणाली. पण लगेच सावरून, ‘तेव्हा वर्ष बदलत नव्हतं. तारखेला काही वजनच नव्हतं. बिनवजनाची नोंद दाखला म्हणून धरता येत नाही.’ हे तिचं म्हणणं मी अजूनही पूर्ण खोडू शकलेलो नाही. फक्त मला असं वाटलं की वजन नसताना माणूस जे लिहितो ते त्याच्या मनातलं खरं असतं. सात वर्षं आम्ही सगळे, विचार न करता, माणूस जिथे गेला तिथली तारीख लिहीत होतो.

तरी साडूचा प्रश्न उरतच होता. म्हणून मी खेळाबाहेरच्या माणसाकडे गेलो. आमच्या मजल्यावर एक काका राहतात, आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेले, शेवटची बारा वर्षं दाव्यांच्या विभागात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘दावा आला की आम्ही एकच कागद आधी बघतो. मृत्यूचा दाखला. पॉलिसी त्या दिवशी चालू होती की नाही हे त्यावरच्या तारखेवर ठरतं. आणि दाखला जिथे माणूस गेला तिथला निबंधक देतो. वारसाच्या घरातलं घड्याळ कुणी विचारत नाही.’ आपला जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदाही तसाच आहे. मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे नोंद. मग ते म्हणाले, ‘पण काय रे, ज्याच्या जगण्या-मरण्याशी तुमचं देणंघेणं नाही त्याच्या मरणावर पैसे लावायचे नाहीत, हा विम्याचा पहिला धडा. इंग्लंडात त्यासाठी १७७४ साली कायदा करावा लागला. तुम्ही परळची शिकलेली मुलं ना?’

मी मान खाली घालून घरी आलो.

निकाल आणि त्यातलं वाकडं

३ जानेवारीला निकाल दिला. मृत्यू जिथे झाला तिथली तारीख धरायची. कादर खान २०१८ मध्ये गेले. साडूभाऊ ५१, वकीलबाई ३७. गल्ला साडूभाऊचा. न्यूझीलंडच्या पळवाटेवर माझं म्हणणं असं होतं की तो दोष तारखेच्या कलमातला नाही, यादीच्या कलमातला आहे. यादी हातात पडते त्या क्षणी माणूस हयात असला पाहिजे, एवढं एक वाक्य घातलं की ती बुजते. ते वाक्य त्याच दिवशी घातलं.

ऐरोलीकराचं उत्तर द्यायचं राहिलं. त्याने विचारलं, ‘दादा, मी नाव दिलं तेव्हा माणूस जिवंत होता. मुदत पाळली. नियम पाळला. तुझ्या निकालाने माझं एक नाव वर्ष लागताच फुकट गेलं. माझं चुकलं काय?’

काही चुकलं नव्हतं. यावर वकीलबाईनेच त्याला एक जुनी केस सांगितली. १७७१ सालची. न्यूमार्केटच्या रेसला जमलेल्या दोन तरुण सरदारपुत्रांनी आपापल्या बापांची आयुष्यं पैजेला लावली, कुणाचा बाप आधी जातो यावर. एकाचा पन्नाशी ओलांडलेला, दुसऱ्याचा सत्तरीपलीकडचा. पहिल्याची बाजू नंतर लॉर्ड मार्चने घेतली, पाचशे गिनींवर. पुढे कळलं की पिगट नावाच्या त्या दुसऱ्या तरुणाचा बाप पैज लागण्यापूर्वीच, त्याच दिवशी पहाटे दोनला, दूर आपल्या गावी गेला होता. दोघांनाही पत्ता नव्हता. पिगट म्हणाला, पैज रद्द. कोर्टाने, न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड, पैज कायम ठेवली. दोघांनाही ठाऊक नव्हतं, दोघांचा धोका सारखा, तेव्हा पैसे द्या. ‘म्हणजे बघ,’ ती ऐरोलीकराला म्हणाली, ‘तिथे माणूस आधीच मेलेला असून पैज टिकली. तुझा तर जिवंत होता.’ पिगटने पैसे भरले, आणि तीनच वर्षांनी काकांनी सांगितलेला तो १७७४ चा कायदा आला.

मी ऐरोलीकराला बदली नाव द्यायची मुभा दिली, दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत. त्या नावाचे त्याला पुढे काही मिळाले नाहीत.

मग साडूभाऊ उठला. त्याच्याही २०१९ च्या यादीत तेच नाव होतं, त्याचीही जागा रिकामी झाली होती, त्यालाही बदली नाव हवं होतं. मी नाही म्हणालो. एका मरणाचे दोन फायदे मिळणार नाहीत, असं काहीतरी भारदस्त बोललो. सगळ्यांना पटलं. आज ते मला पटत नाही. दोघांच्या याद्या सारख्याच वैध होत्या आणि दोघांचं नाव सारखंच बाद झालं होतं. त्याला गल्ला मिळाला तो आदल्या वर्षाच्या यादीचा. त्याचा इथे संबंध नव्हता. तो साडू नसता तर मी त्याला बदली नाव दिलं असतं. पक्षपात दिसू नये म्हणून मी पक्षपात केला, फक्त उलट्या दिशेने. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. वाचेल तेव्हा कळेल.

कादर खान यांच्या विद्यार्थ्याने, म्हणजे साडूभाऊच्या काकांनी, त्या आठवड्यात त्याला एवढंच विचारलं, ‘सरांचं नाव तू लावलं होतंस?’ साडूभाऊने नाही सांगितलं. गल्ल्यातले बहुतेक पैसे त्याने आम्हा सगळ्यांना सुरमई खाऊ घालण्यात घालवले आणि बिल देताना उरलेले टिपेत ठेवले.

पैशाचं काय

जेवताना कुणीतरी वकीलबाईला चिडवलं, एवढं होतं तर कोर्टात जायचंस. ती म्हणाली, ‘जाता येत नाही म्हणूनच तर इथे भांडले.’

करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ३०. पैजेचा करार निरर्थक. जिंकलेल्याला दावा लावून पैसे वसूल करता येत नाहीत. एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि जुगाराचा अड्डा म्हणजे काय हे सांगताना त्याने या शहराचे सगळे शौक मोजून ठेवलेत. कापसाचा भाव, अफूचा भाव, त्या भावातले आकडे, पाऊस पडणं किंवा न पडणं, पावसाचं माप, आणि ‘अन्य नैसर्गिक घटना’. पायधुणीकडे एके काळी पावसावर सट्टा चालायचा, त्याची ही निशाणी. वरळीच्या मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या आकड्यांवरून झाली, तेही त्याच यादीत बसतं. ‘आता मला सांग,’ काटा काढत ती म्हणाली, ‘मरण ही नैसर्गिक घटना आहे की नाही? आणि तू वही कुठे ठेवतोस? म्हणजे तुझी बाहेरची खोली काय ठरते?’

२०१९ पासून वहीत पैसे नाहीत. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांसाठी भेळ आणायची.

पुढे

नवा कागद वकीलबाईने लिहिला. तारीख मृत्यूच्या ठिकाणची. यादी देताना माणूस हयात हवा. एक नाव एकाच वर्षी मोजलं जाईल. आणि खबर कुणाची धरायची याचं नवं कलम: घरचे, इस्पितळ, किंवा त्या व्यक्तीचं अधिकृत खातं. इतर कुणीही बोललं तरी वहीत नोंद नाही. हे कलम विमावाल्या काकांच्या सांगण्यावरून आलं. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण आपल्या पेडर रोडच्या जसलोकमध्ये होते. ते गेल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं. जयप्रकाश जसलोकमध्ये श्वास घेत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. ‘संसदेला चुकीची बातमी मिळते,’ काका म्हणाले, ‘तुमच्या व्हॉट्सॲपची काय कथा.’

कलम उपयोगी पडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले गेल्याची बातमी रात्री सगळीकडे पसरली, मोठमोठ्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. घरच्यांनी इन्कार केला. ते गेले २६ तारखेला. वहीत एकच तारीख आहे, ती २६.

आणि मग तेच कलम तोंडावर आपटलं. २ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याचं तिच्याच इन्स्टाग्राम खात्यावर जाहीर झालं. अधिकृत खातं, आमच्याच कागदाप्रमाणे पक्का पुरावा. वय ३२. कुणाच्या यादीत नाव असतं तर ६८ गुण, वहीच्या इतिहासातला उच्चांक. दुसऱ्या दिवशी ती स्वतः व्हिडिओत आली: जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. कुणाच्याच यादीत ती नव्हती म्हणून भांडण झालं नाही, पण वकीलबाईने त्याच संध्याकाळी एक ओळ वाढवली. खबर आल्यावर नोंद पेन्सिलीने. दोन दिवसांनी शाईने.

११ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी धर्मेंद्र गेल्याचं वाहिन्यांवर आलं. ऐरोलीकराच्या यादीत त्यांचं नाव होतं. पेन्सिल काढायचीही वेळ आली नाही. घरच्यांकडून खबर नव्हती, आणि थोड्याच वेळात हेमा मालिनी आणि ईशा देओल दोघींनी बातमी खोटी असल्याचं सांगितलं. ते इस्पितळातून घरीही गेले. २४ नोव्हेंबरला गेले तेव्हा वय ८९. अकरा गुण. मी पेन्सिलीने लिहिले, दोन दिवसांनी शाई फिरवली.

८ डिसेंबरला त्यांना नव्वदावं संपून गुण एकाने कमी झाला असता. चौदा दिवस. हा हिशोब कुणीतरी ग्रुपवर टाकला. बाराही जणांनी पाहिला, निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर कुणी दिलं नाही.